मैदान कोणाचे?

(केडगाव, अहिल्यानगर येथे मकरसंक्रमण उत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



संक्रांतीच्या उत्सवात वक्ता क्रिकेटवर बोलणार, हे ऐकून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडली असेल. ती स्वाभाविक आहे. आपण कबड्डीत आणि खो-खोत घडलेली माणसे. परंतु आज येथे येण्यापूर्वी रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो, तेव्हा वाटेतल्या एका मोकळ्या जागेत मुलांचे तीन सामने एकाच वेळी चाललेले दिसले. विटांच्या यष्ट्या, रबरी चेंडू आणि बाद की नाबाद यावरून चाललेले कडाक्याचे भांडण! जो खेळ समाजाच्या घराघरात पोहोचला आहे, त्याकडे पाठ फिरवून समाजाचा विचार करता येत नाही. म्हणून आज काही अविस्मरणीय सामने आणि काही थोर खेळाडू यांचे स्मरण करू. त्या निमित्ताने एक प्रश्न स्वतःलाच विचारू.

छत्तीस धावांनंतर

प्रारंभ आपल्याच जिल्ह्यापासून करतो. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे ६ जून १९८८ रोजी जन्मलेला आणि डोंबिवलीत वाढलेला एक मुलगा पुढे भारताच्या कसोटी संघाचा कर्णधार झाला. त्याचे नाव अजिंक्य रहाणे. श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन सर्वाधिक बळींच्या यादीत संयुक्त अग्रस्थान मिळवले होते. ऊस आणि कांदा पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याने देशाला एक थोर गोलंदाज आणि एक संयमी कर्णधार दिला, याचा अभिमान वाटायलाच हवा.

१९ डिसेंबर २०२० चा दिवस आठवा. ॲडलेडच्या मैदानावर भारताचा दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. भारताच्या कसोटी इतिहासातील ही नीचांकी धावसंख्या. त्यातच विराट कोहली अपत्यजन्मासाठी मायदेशी परतणार होता आणि मोहम्मद शमी जखमी झाला होता. ऑस्ट्रेलिया ही मालिका चार-शून्य अशी जिंकणार, अशी भाकिते तेथील माजी खेळाडू उघडपणे करू लागले.

अशा वेळी नेतृत्व अजिंक्यकडे आले. आठवडाभरात, २६ डिसेंबरला, मेलबर्नची कसोटी सुरू झाली. त्याने ११२ धावा केल्या आणि त्यानंतर तो धावचीत झाला. समोर रवींद्र जडेजा होता. शतकवीर कर्णधार असा बाद झाला, की त्याने सहकाऱ्याकडे रागाने पाहावे, अशीच जगाची अपेक्षा असते. अजिंक्यने जडेजाच्या पाठीवर थाप मारली आणि तू खेळत राहा असे सुचवून तो निघून गेला. भारताने तो सामना ८ गडी राखून जिंकला. सामनावीराचे पदक अजिंक्यच्या गळ्यात पडले.

त्या पदकाविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलले नाही. माझ्या मते त्या विजयातील सर्वांत मोठा बोध त्या पदकातच होता.

पदकावरचे नाव

ते पदक त्या वर्षी प्रथमच देण्यात आले आणि त्याचा पहिला मानकरी आपला अजिंक्य ठरला. त्याचे नाव 'मुलाघ पदक'. जॉनी मुलाघ हा ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी समाजाचा खेळाडू. उनारीमिन हे त्याचे मूळ नाव. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ज्यांची भूमी बळकावली आणि ज्यांना माणूस म्हणूनही मोजले नाही, त्या समाजातील खेळाडूंचा एक संघ १८६८ साली इंग्लंडला गेला. परदेश दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा तो पहिला क्रिकेट संघ. त्या दौऱ्यात मुलाघने सुमारे १,७०० धावा केल्या आणि जवळजवळ अडीचशे बळी घेतले. असा पराक्रमी खेळाडू मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या बांधवांवर हिंडण्या-फिरण्याचीसुद्धा बंधने आणणारे कायदे होऊ लागले होते. १८९१ साली तो निवर्तला. त्याचे नाव देशाच्या सर्वांत मानाच्या कसोटीशी जोडायला त्या राष्ट्राला जवळजवळ एकशे तीस वर्षे लागली.

पण त्यांनी ते जोडले. आपल्या पूर्वजांची चूक त्यांनी पदकावर कोरली आणि हजारो प्रेक्षकांसमोर ती मान्य केली.

ते पदक आपल्या जिल्ह्याच्या सुपुत्राच्या गळ्यात पाहताना मनात प्रश्न आला, की आपला मुलाघ कोण? आपल्याकडे असा कोणी झाला होता का, ज्याच्या हातात अलौकिक गुण होता आणि ज्याला आपणच दाराबाहेर उभे केले?

पुण्याच्या नेटमधला गोलंदाज

झाला होता. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. बालपण पुण्याच्या लष्करी वातावरणात गेले. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ते आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. १८९२ च्या सुमारास बाळू पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात नोकरीला लागले. काम काय, तर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, रेघा मारायच्या, जाळी बांधायची. पगार महिना चार रुपये.

त्या क्लबात ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. एके दिवशी त्यांनी या नोकराला गोलंदाजी करायला सांगितले. डाव्या हाताने टाकलेला तो संथ, वळणारा चेंडू पाहून साहेब चकित झाले. पुढे ते सरावासाठी इतरांच्या आधी येऊ लागले. बाळूंनी त्यांना बाद केले की प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. त्या नेटमध्ये बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली. मात्र एकदाही त्यांच्या हाती फलंदाजीसाठी बॅट दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि फलंदाजी हा मालकाचा अधिकार!

हे झाले परकीयांचे. आता आपले ऐका, आणि मन घट्ट करून ऐका. पुण्यातील हिंदूंच्या संघाला साहेबांच्या क्लबाला हरवायचे होते. साहेबांचा अव्वल फलंदाज ज्याच्यापुढे चाचपडतो, तो गोलंदाज याच गावात आहे, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही त्याला संघात घ्यावे की नाही, यावर वाद झाला. अखेर घेतले. पण कसे? मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वांनी झेलावा. चहाची वेळ झाली, की इतर खेळाडूंनी चिनी मातीच्या कपातून चहा प्यावा आणि त्याला मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यावा. जेवणाचे पानही वेगळे. जो चेंडू त्याच्या हातातून यष्टिरक्षकाच्या हाती गेला, तो चेंडू बाटला नाही. बाटणार होता तो फक्त कप!

बंधूंनो, या विसंगतीवर हसू येते आणि नंतर मान खाली जाते. ज्यांनी हे केले ते कोणी दुष्ट लोक नव्हते. तुमच्या-आमच्यासारखेच देवभीरू, सुशिक्षित, संसारी लोक होते. म्हणूनच हे अधिक बोचते.

त्याच पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांसारखे द्रष्टेही होते. बाळूंचे त्यांनी जाहीर कौतुक केले. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर पंक्तीला बसायला संकोच कसला, असा त्यांचा सवाल होता. लोकमान्यांनीही बाळूंचा गौरव केला. समाजाच्या अंगी रोग होता, तशी त्याच्यावर उपचार करणारी माणसेही याच समाजात निर्माण होत होती.

विजय आणि प्रतीक्षा

प्लेगच्या वर्षांत बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा ऐतिहासिक सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, तर राज्यकर्त्यांचा संघ १९१ आणि १०२ धावांत गारद झाला. १०९ धावांचा हा विजय वंगभंगाच्या चळवळीने पेटलेल्या देशात राष्ट्रीय विजयासारखा साजरा झाला. त्या संघात बाळू होते, शिवरामही होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या मुंबईच्या सुधारणावादी साप्ताहिकाने तर या बंधूंना जिमखान्याने दिलेल्या प्रवेशाचा विशेष गौरव केला. हजारो तरुण हिंदूंची मने उदार करण्याचे जे काम इतर प्रयत्नांना साधले नाही, ते या एका गोष्टीने साधले, असा त्याचा अभिप्राय होता.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळू मात्र हरले नाहीत. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. परतल्यावर त्यांच्या समाजबांधवांनी मुंबईत सत्कार केला आणि त्या प्रसंगीचे मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढे त्या दोघांचे राजकीय मार्ग वेगळे झाले. बाळूंनी मुंबई महापालिकेची निवडणूक हिंदुमहासभेकडून लढवली, तर १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. परंतु तरुण भीमरावांना हा आपल्या समाजाचा मानबिंदू वाटला होता, हे विसरता येत नाही.

इतके कर्तृत्व असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. चौरंगी स्पर्धेत वर्षानुवर्षे ते गोलंदाजीचा भार वाहत राहिले आणि नेतृत्व इतरांकडे जात राहिले. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी तर आपल्याच सत्काराच्या वेळी सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी असलेल्या बाळूंना मिळायला हवा होता. १९२० साली हा प्रश्न पुन्हा पेटला, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी अन्याय असह्य होऊन संघातून माघार घेतली. जनमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. बंधू परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि काही काळ त्यांना नेतृत्व करता यावे, म्हणून पै स्वतः मैदानाबाहेर गेले. पैंचे हे बाहेर जाणे मला एखाद्या शतकाहून मोठे वाटते.

आणि अखेर १९२३ साली बाळूंच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले. त्याच वर्षी युरोपियनांना अंतिम सामन्यात हरवून संघ विजयी झाला आणि उच्चवर्णीयांनी या चर्मकार कर्णधाराला खांद्यावर उचलून मिरवले. त्याच्या नेतृत्वाखाली १९२५ आणि १९२६ सालीही संघ जिंकला. रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पतितपावन मंदिर सर्वांसाठी खुले केले ते १९३१ साली. म्हणजे मंदिराच्या आठ वर्षे आधी मैदानाचे दार उघडले होते. विठ्ठल पालवणकरांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आहे. जिज्ञासूंनी ते मिळवून अवश्य वाचावे.

एका कुटुंबाला रोलरपासून कर्णधारपदापर्यंत पोहोचायला तीस वर्षे लागली. या तीस वर्षांत किती बाळू नुसता रोलर फिरवून संपले असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

नेटपासून करंडकापर्यंत

बाळूंच्या दौऱ्यानंतर बरोबर साठ वर्षांनी, १९७१ साली, अजित वाडेकरांच्या संघाने त्याच इंग्लंडला त्याच्याच भूमीवर मालिकेत हरवले. ओव्हलच्या निर्णायक कसोटीत गणेश चतुर्थीच्या निमित्ताने बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती, हे ज्येष्ठांना आठवत असेल. त्या सामन्यात भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला. लहानपणी पोलिओने दुर्बळ केलेल्या हाताने त्यांनी हे केले. 'याच्याने काय होणार' म्हणून ज्याला बाजूला बसवले असते, त्यानेच इतिहास घडवला.

आता पुन्हा अजिंक्यच्या संघाकडे येऊ. मेलबर्ननंतर सिडनीला प्रेक्षकांतील काहींनी मोहम्मद सिराजला वर्णद्वेषी शिवीगाळ केली. हैदराबादच्या एका रिक्षाचालकाचा हा मुलगा. वडील दौऱ्याच्या प्रारंभीच वारले होते आणि तरीही तो संघाबरोबर राहिला होता. अजिंक्य त्याला घेऊन पंचांकडे गेला. खेळ थांबला आणि काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. संघातील एकाचा अपमान हा साऱ्या संघाचा अपमान, हे कर्णधाराने कृतीने दाखवले. चहाच्या वेळी बाळू बाहेर उभे असताना त्यांच्या कर्णधाराने एवढे केले असते तर?

ब्रिस्बेनला पोहोचेपर्यंत अर्धा संघ जायबंदी झाला होता. टी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांना तेथे कसोटी पदार्पणाची संधी मिळाली. नटराजन तामिळनाडूतील सेलमजवळच्या खेड्यातला, कष्टकऱ्याचा मुलगा. तो त्या दौऱ्यावर मुळात कशासाठी गेला होता? नेटमध्ये गोलंदाजी करण्यासाठी! पुण्याच्या नेटमधले बाळू आणि हा नटराजन यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. बाळूंना नेटबाहेर यायला जातीची भिंत ओलांडावी लागली; नटराजनला केवळ गरज पडली आणि दार उघडले. पहिल्या डावात त्याने ३ बळी घेतले. भारत ६ बाद १८६ असा अडचणीत असताना सुंदर आणि पालघरचा शार्दूल ठाकूर यांनी १२३ धावांची भागी केली. दुसऱ्या डावात सिराजने ५ बळी घेतले. १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने ३२८ धावांचे लक्ष्य ३ गडी राखून गाठले. १९८८ नंतर त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया कसोटी हरली नव्हती.

करंडक स्वीकारल्यावर अजिंक्यने तो कोणाच्या हाती दिला? संघातील सर्वांत नव्या खेळाडूच्या, नटराजनच्या. नेटमधल्या गोलंदाजाच्या हाती! मला त्या क्षणी १८९२ चे पुणे आठवले. एखादे ऋण असेही फिटते.

केडगावचे मैदान

सज्जनहो, येथे थांबलो असतो तर आपण सर्व प्रसन्न मनाने तिळगूळ घेऊन घरी गेलो असतो. परंतु सुरुवातीला म्हटलेला प्रश्न अजून विचारायचा आहे.

आज गावोगावी टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतात. प्रकाशझोत, ध्वनिक्षेपक, मोठे करंडक. आनंदच आहे. पण अलीकडे एक नवी रीत रूढ होऊ पाहते आहे. अमुक समाजाची स्पर्धा, तमुक समाजाचा चषक, आणि खेळायची अट एकच, की खेळाडू त्या जातीचा असला पाहिजे. आयोजकांचा हेतू वाईट नसतो. आपली माणसे एकत्र यावीत, एवढेच त्यांच्या मनात असते. पण 'आपली' म्हणजे कोण? ज्या खेळातून विठ्ठल पालवणकरांना खांद्यावर घेण्याइतके आपण वर आलो, त्याच खेळात आपण पुन्हा वेगवेगळे कप मांडत आहोत का? धर्मानुसार संघ पाडणारी मुंबईची ती जुनी स्पर्धाही १९४६ साली बंद पडली आणि प्रांतांची रणजी स्पर्धा हीच देशाची स्पर्धा ठरली. आपण मात्र त्याहूनही मागे, जातीच्या संघांकडे निघालो आहोत.

१९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते, की अस्पृश्यता हे पाप नसेल तर जगात कशालाच पाप म्हणता येणार नाही. ते वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, अनेकदा उद्धृतही केले आहे. प्रश्न उद्धृत करण्याचा नाही. आपल्या गल्लीतील संघाची यादी करताना ते आठवते का, हा प्रश्न आहे.

मुंबईत प्रभादेवीला पी. बाळू मार्ग आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे 'पी. बाळू' कोण हे ठाऊक असेल? ऑस्ट्रेलियाने उशिरा का होईना, मुलाघचे नाव खेळाडूच्या गळ्यात घातले. आपण काय करणार?

माझी केडगावच्या तरुणांना तीन छोट्या गोष्टींची विनंती आहे. पुढच्या संक्रांतीला येथे एक स्पर्धा भरवा. त्यात संघ चिठ्ठ्या टाकून पाडा, म्हणजे कोण कोणाच्या संघात येईल हे आडनावावर ठरणार नाही. सर्वोत्तम गोलंदाजाला पालवणकर बाळूंच्या नावाचे पदक द्या आणि ते देताना त्यांची गोष्ट दोन मिनिटांत सांगा. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची. जो मुलगा पहाटे येऊन खेळपट्टीवर पाणी मारतो, रोलर ओढतो, चुन्याच्या रेघा आखतो आणि सामना सुरू झाल्यावर सीमारेषेबाहेर चेंडू आणायला उभा राहतो, त्याला हाक मारा. त्याच्या हातात बॅट द्या. डावाची सुरुवात त्यालाच करू द्या.

सामन्यानंतर सर्वांनी एकाच पंक्तीत, एकाच प्रकारच्या कपातून चहा घ्या. तिळगूळ वाटताना आपण गोड बोलण्याचे मागणे मागतो. त्यात आणखी एक मागणे मिसळू या. तिळगूळ घ्या, आणि बाहेर कोणी उभा असेल तर त्याला आत घ्या.

भारत माता की जय!